दोन सूत

वहिनींच्या हातची शिवण सगळ्या गल्लीला माहीत होती, एका लिफ्टवाल्याला सोडून. आणि लिफ्टवाला म्हणजे वहिनींचा नवरा.

तसा माणूस वाईट नव्हता. उंच उंच इमारतींतल्या बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करायच्या, संध्याकाळी वेळेत घरी यायचं, ताटात पडेल ते खायचं आणि भांडण झालंच तर आधी आपण बोलायचं, हे त्याचे गुण वहिनी स्वतःच मोजून दाखवत. पण पंधरा वर्षांत त्यानं बायकोनं शिवलेला एक शर्ट उलटा करून पाहिला असेल तर शपथ. अंगात घातला, बटणं लागली, विषय संपला. वहिनींची ख्याती होती ती वाढवण्यात. आखूड झालेली पँट असो, पोट सुटलेल्या गृहस्थाचा कोट असो, त्यात कापड घालून असं काही वाढवून देत की जोड शोधायला भिंग घ्यावं लागे. "जोड सापडला तर नवा शिवून देईन," असं त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत, आणि आजवर कुणाला नवा शिवून द्यावा लागला नव्हता.

तर अशा बाईच्या घरात, तिच्या कापड बेतायच्या टेबलावर, एका रविवारी सकाळी लिफ्टवाल्यानं ग्रीसनं माखलेलं एक लोखंडी धूड आणून ठेवलं. खाली जुनी चादर घातली होती, तेवढी अक्कल त्याला होती.

"हे काय?"

"चिमटा."

"चिमटे स्वयंपाकघरात आहेत दोन. हे काय?"

"अगं, मोटारसायकलचा. मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरतो ना, तो. शिकलेले लोक स्विंगआर्म म्हणतात. चार इंच वाढवायचा आहे."

वाढवायचा म्हटल्यावर वहिनींनी शिवणयंत्रावरचा पाय काढला.

लिफ्टवाल्याला एकच नाद होता. शहराबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी पडून होती. तिथे महिन्यातून एकदा त्याच्यासारखे दहा-पंधरा वेडे सरळ रेषेत मोटारसायकली पळवायचे. हा दर वेळी दुसरा यायचा. क्लच सोडला की गाडीचं पुढचं चाक घोड्यासारखं वर उठायचं, हा घाबरून हात सैल करायचा, तेवढ्यात शेजारचा पुढे निघून जायचा. आता मागचं चाक चार इंच मागे गेलं की गाडी लांब होणार, वजन पुढे पडणार आणि पुढचं चाक जमिनीला चिकटून राहणार.

"कुणी सांगितलं?"

"उस्तादनं."

हा उस्ताद घरात महिनाभर ऐकू येत होता. लोखंड कातायचं लेथ यंत्र चालवणारा, मोठा कसबी. उस्तादनं बुश म्हणजे दांड्याभोवतीचं लोखंडी कडं कातून दिलं, उस्तादनं दांडा सरळ केला. वहिनींच्या डोळ्यांसमोर पिकल्या मिशांचा, ढेरपोट्या, खोकणारा कुणी म्हातारा होता. बिचाऱ्याचे कपडे खराब होत असतील म्हणून वहिनींनी जाड कापडाचा एक ॲप्रन अंदाजानं शिवून पाठवलासुद्धा, पोटाला चांगली ढिलाई ठेवून. मग या रविवारच्या आधी एकदा त्या बाजूला सुया आणायला गेल्या तेव्हा नवऱ्याची गाडी दिसली म्हणून कारखान्याच्या दारात डोकावल्या. लेथपाशी तिशीतली एक बाई उभी होती. कापलेले केस, कपाळावर चढवलेला चष्मा, मनगटावर भाजल्याचा जुना डाग. ॲप्रन दोनदा गुंडाळून पाठीमागे गाठ मारलेली. ती काहीतरी बोलली आणि लिफ्टवाला पोट धरून हसला. घरी आल्यावर वहिनींनी विचारलं, तर म्हणाला, "बाई आहे का असं तू विचारलंस कुठे?"

आता गल्लीला जे वाटेल ते वहिनींनाही वाटून पाहिलं. तसलं काही नव्हतं. तसलं असतं तर एक वेळ बरं, गल्ली आपल्या बाजूनं उभी राहिली असती, माहेरची माणसं धावून आली असती, चार लोकांत तोंड उघडता आलं असतं. पण हा माणूस त्या बाईवर नव्हे, तिच्या हातावर भाळला होता. तिनं कातलेलं बुश घरी आणायचा, दिव्याखाली धरायचा आणि अंगठा फिरवायचा. "बघ, हात लावून बघ. लोणी आहे लोणी!" तो अंगठा लोखंडावरून हळूहळू फिरताना वहिनी बघत, आणि त्यांना मत्सर वाटे. उगाच दुसरं नाव कशाला द्या, मत्सरच. पंधरा वर्षं या माणसाच्या कॉलरी उलटवल्या, बाह्या वाढवल्या, आणि तो अंगठा एकदाही कापडाकडे वळला नव्हता.

त्या रविवारी लिफ्टवाला चिमट्याच्या गोल नळीभोवती खडूनं सरळ रेघ मारायला लागला. बेत असा होता की दोन्ही नळ्या मधोमध कापायच्या, मध्ये चार-चार इंचांचा तुकडा घालायचा, आतून एक भरीव दांडी जाऊ द्यायची आणि वेल्डिंग करायचं. वहिनी यंत्रावर होत्या. बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण जीभ राहीना.

"सरळ कापू नका."

"का?"

"सरळ जोड सगळा ताण एकाच रेघेत घेतो. ओढलं की तिथेच उसवतो. पट्टीला पट्टी जोडताना आम्ही उरेब जोडतो, तिरका. ताण वाटला जातो."

लिफ्टवाला थबकला. मग तिरकी रेघ मारायला गेला, पण गोल नळीवर तिरकी रेघ काही सुधरेना. एकीकडून चढायची, दुसरीकडे भलतीकडेच उतरायची. तीनदा पुसून झाल्यावर वहिनी उठल्या. त्यांनी खाकी कागद घेतला, नळीचा घेर टेपनं घेतला, कागदावर एक लाट काढली आणि कात्री चालवली.

"ही बाही आहे हो. बाही उलगडली की वरची कड अशीच लाटेसारखी दिसते. गुंडाळली की बरोबर तिरकी बसते. गुंडाळा."

त्यानं कागद नळीला गुंडाळला. दोन्ही टोकं एकमेकांना येऊन भिडली आणि नळीवर सरळसोट तिरका काप उमटला. "अरे वा!" लिफ्टवाला म्हणाला. कौतुक तीन सेकंद टिकलं. वहिनींनी मोजलं होतं. मग तो कागद खिशात घालून उस्तादला दाखवायला पळाला.

संध्याकाळी परत आला तो उड्या मारतच. "उस्ताद म्हणाली, एकदम बरोबर! वेल्डिंगची रेघ लांब पडेल, एका जागी मोडणार नाही." ठीक आहे, वहिनींनी मनात म्हटलं, निदान पसंत तरी पडलं.

बुधवारी जवळच काम निघालं म्हणून लिफ्टवाला दुपारी घरी आला होता, तेव्हा कोपऱ्यावरची नर्स युनिफॉर्मची पँट वाढवायला आली. वहिनी तिच्या पायाशी बसून तळाला टाचण्या लावत होत्या, बाकीच्या टाचण्या तोंडात. नर्सनं सहज विचारलं, टेबलावर हे लोखंड कसलं? लिफ्टवाल्याला तेवढंच हवं होतं. त्यानं धावपट्टीपासून सुरुवात केली आणि शेवटी म्हणाला, "यात खरं डोकं आहे ते उस्तादचं. आपण सरळ कापून मोकळे झालो असतो. तिनं उरेब काप काढला. बाई म्हणजे काय चीज आहे!"

वहिनींच्या तोंडात टाचण्या होत्या. आठ होत्या. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, पण तो नर्सला हातानं तिरका काप दाखवण्यात दंग होता. टाचण्या गिळता येत नाहीत आणि ओठांत धरून भांडता येत नाही. वहिनींनी उरलेल्या एकेक करून कापडाला लावल्या. सगळ्या लावून तोंड मोकळं झालं तोवर नर्स पँट बदलायला गेली होती आणि लिफ्टवाला चहा मागत होता.

त्याच दुपारी कामावर परत जाता जाता तो म्हणाला, "अगं, तुझी कात्री चांगली चालते. उस्तादला त्या दोन तुकड्यांचे पुठ्ठ्याचे फर्मे हवेत, डावा आणि उजवा. माप लिहून ठेवलंय. संध्याकाळी नेऊन देतो."

तुझी कात्री चांगली चालते. म्हणजे हात नव्हे, कात्री.

वहिनींनी उजवा फर्मा कापला. चार इंच, दोन्ही टोकांना लाट, कात्री एकदा आत गेली ती बाहेर येईपर्यंत थांबली नाही. मग डावा घेतला. डावा त्यांनी चार इंच आणि दोन सूत कापला. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार असो, शिंपी असो, सगळे याच भाषेत बोलतात, आणि दोन सूत किती हे वहिनींना झोपेत विचारलं तरी बोटानं दाखवलं असतं. तेव्हा हात चुकला असं कुणी म्हणू नये. वहिनींचा हात चुकत नसे.

त्यांचा हिशेब सोपा होता. ती लेथवरची टर्नरबाई फर्म्याबरहुकूम तुकडे कापणार. रविवारी ती घरी वेल्डिंगला येईल तेव्हा डावी बाजू जुळणार नाही. लिफ्टवाला डोकं खाजवेल आणि म्हणेल, उस्ताद चुकली. फर्मा कुणी केला हे तो तोवर विसरलेला असेल, त्याबद्दल वहिनींना खात्रीच होती. एकदा, फक्त एकदा, त्यांना त्या तोंडून ते दोन शब्द ऐकायचे होते. ती तोंडघशी पडली की आपण लगेच नवा फर्मा कापून देऊ, असंही त्यांनी ठरवून ठेवलं. म्हणजे आपला चांगुलपणाही दिसेल. मत्सराला एकदा वाट दिली की तो पुढची सोय स्वतःच बघतो.

गुरुवारी जेवताना लिफ्टवाला उगाचच रंगात आला. पाण्याचे दोन पेले ताटापुढे ठेवून त्यानं चिमटा समजावून सांगायला घेतला.

"यात सगळ्यात जोखमीचं काय माहीत आहे? दोन्ही बाजू सारख्या हव्यात. एक बाजू थोडी जरी लांब झाली की चाक वाकडं बसणार. हळू चालवताना कळणारसुद्धा नाही. जोरात गेलं की चेन उडते, चाकात अडकते, चाक जाम. मग माणूस गाडीसकट रस्त्यावर घासत जातो. मागच्या वर्षी एकाचा पाय असाच गेला."

"आणि वाकडं बसलंय हे आधीच कळलं तर?"

"कळायला ते बघावं लागतं ना. थोडा फरक असला तर चाकाचा आस मागेपुढे सरकवून लपवता येतो. मी उस्तादचं माप तपासणार आहे होय? तिच्या मापावर डोळे मिटून बसायचं."

वहिनींनी हातातला घास ताटात ठेवला. जुळणार नाही, ओरडा होईल, एवढाच त्यांचा अंदाज होता. जुळवून घेतलं जाईल आणि हा त्याच्यावर बसेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. कापडात माप चुकलं तर माणूस फार तर अवघडतो.

सांगायला हवं होतं. वहिनींना ते कळत होतं, न कळायला त्या काही खुळ्या नव्हत्या. शुक्रवारी सकाळी त्यांनी डबा हातात देताना तोंड उघडलं. "अहो..." "काय?" "जपून जा." तो गेला. शनिवारी सकाळी पुन्हा "अहो" म्हटलं, आणि डब्यात चमचा टाकायचा राहिला होता तो टाकून दिला. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मी तुमच्या उस्तादवर जळते? त्यापेक्षा जीभ तोडून दिली असती. दिवसभर त्यांच्या यंत्राचा दोरा तुटत होता.

शनिवारी संध्याकाळी लिफ्टवाला तुकडे घेऊन आला. फडक्यात बांधलेले, तेल पुसून चकचकीत केलेले. "हात लावून बघ," म्हणाला, आणि अंघोळीला गेला. नळाचा आवाज सुरू होताच वहिनींनी टेप काढली. उजवा, चार इंच. डावा, चार इंच. त्यांनी पुन्हा मोजलं. टेपवर विश्वास बसेना म्हणून दोरा गुंडाळून मोजलं, मग दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी शेजारी उभे केले आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणून पाहिलं. केसाचा फरक नव्हता.

फडक्यात खाली पुठ्ठ्याचे फर्मेही होते. वहिनींनी डावा उचलला. त्याची एक कड कातरलेली होती. वहिनींची कात्री लाटेवरून एका दमात गेली होती. ही मात्र पत्रा कापायच्या कात्रीनं तुकड्यातुकड्यानं कापलेली, उंदरानं कुरतडल्यासारखी. कातरलेला भाग बरोबर दोन सूत.

लिफ्टवाला डोकं पुसत बाहेर आला. "अरे हो, फर्मे परत दिलेत. उस्ताद म्हणाली, वहिनींना सांगा, हात फार साफ आहे."

"आणखी काय म्हणाली?"

"आणखी काय म्हणणार?"

आधी वहिनींना हायसं वाटलं. त्या स्टुलावर टेकल्या. नवरा धडधाकट समोर उभा होता, आणि तसाच राहणार होता. पण हायसं वाटून संपलं आणि अंगाचा तिळपापड झाला. तिला कळलं होतं. दोन फर्मे एकावर एक ठेवले की कुणालाही कळेल, तिला तर कळणारच. तिनं कळूनही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वहिनींना भांडता आलं असतं, चुकून झालं म्हणता आलं असतं, रडता आलं असतं. आता तेही नाही. वर निरोप, हात फार साफ आहे म्हणून. हाताच्या कसबात तर ती पुढे होतीच, आता मनानंही पुढे गेली.

रविवारी दहा वाजता टर्नरबाई वेल्डिंगचं यंत्र टेम्पोत घालून आली. बेतायचं टेबल मागच्या अंगणात नेलं, त्यावर जाड लोखंडी पत्रा टाकला. घरात सपाट आणि सरळ म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती. टर्नरबाईनं ॲप्रन चढवला. तोच. आता दोनदा गुंडाळावा लागत नव्हता, बाजूंनी आत घेतलेला होता.

"हसू नका वहिनी," ती म्हणाली. "मीच आत घेतला. तुमच्याकडे पाठवायची लाज वाटली."

टाके बघवत नव्हते. एक लांब, एक आखूड, मध्येच गाठ, दोरा पांढरा आणि कापड निळं. त्या सकाळी वहिनींना एवढा एकच आनंद झाला, आणि तो त्यांनी मन लावून उपभोगला.

तिनं ग्राइंडरनं दोन्ही नळ्या कागदाबरहुकूम तिरक्या कापल्या आणि चिमटा पत्र्यावर ठेवला. पुढच्या भोकातून एक सरळ दांडा घातला, मागच्या चाकाच्या खाचांतून दुसरा. तुकडे मध्ये बसवले. टर्नरबाई म्हणाली, "वहिनी, पक्का दोरा आहे? आणि तुमची नजर हवी आहे. पुढच्या दांड्याच्या टोकापासून मागच्या दांड्याच्या टोकापर्यंत दोरा ताणायचा. आधी डावीकडे, मग उजवीकडे. दोन्ही सारखे भरले की चाक सरळ."

"मी?" वहिनी म्हणाल्या.

"अगं, ती कशाला, मी धरतो ना," लिफ्टवाला पुढे झाला.

"दादा, तुम्ही बोर्डापाशी थांबा, फ्यूज सांभाळा. हे मापाचं काम आहे."

तिनं तोंडावर पत्र्याचा मुखवटा ओढला, आधी वेल्डिंगचे नुसते चार टाके मारले, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. डोळे दिपू नयेत म्हणून वहिनी पाठ फिरवून उभ्या होत्या. मग त्यांनी दोरा ताणला. डावी बाजू मोजली, उजवी मोजली, परत डावी. डावी अर्धा सूत कमी भरत होती. गरम टाका थंड होताना लोखंड ओढून घेतो, घट्ट शिवणीत कापड चुणतं तसा.

टर्नरबाई मुखवटा वर करून वाट बघत होती. जवळ येऊन बघत नव्हती.

"तुम्ही स्वतः नाही बघणार?" वहिनींनी हळूच विचारलं.

"तुम्ही बघितलंत ना."

वहिनींना तिचा संताप आला. चार दिवसांपूर्वी जिनं दोन सूत चोरून घातले तिच्याच हातात ही बया दोरा देते आणि वर बघतही नाही! ही काय परीक्षा घेते की भीक घालते? बरोबर आहे म्हणून टाकलं तर चाक वाकडं जाईल, आणि दोष सरळ हिच्या वेल्डिंगवर. हा विचार आला, नाही आला असं नाही. पण समोर फ्यूजपाशी लिफ्टवाला लहान पोरासारखा टाचा उंचावून बघत होता.

"डावीकडे अर्धा सूत ओढलंय," वहिनी मोठ्यानं म्हणाल्या. "टाका उसवावा लागेल."

"मला वाटलंच," टर्नरबाई म्हणाली. तिनं ग्राइंडरनं डावे टाके काढले, जागा ठोकून सोडवली, पुन्हा मारले. वहिनींनी पुन्हा दोरा धरला. तिसऱ्या वेळी दोन्ही बाजू सारख्या भरल्या. मग टर्नरबाईनं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, थांबत थांबत सगळी रेघ भरली, आणि प्रत्येक थांब्याला वहिनींनी माप सांगितलं. दुपारचे दोन कधी वाजले ते कुणाला कळलं नाही.

चिमटा निवल्यावर, घासून साफ केल्यावर, लिफ्टवाला पुढे आला. अंगठा नळीवर टेकवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. "उस्ताद," तो म्हणाला, "जोड कुठे आहे ते दाखव बरं! कळतच नाही!"

"दादा," टर्नरबाई यंत्राची केबल गुंडाळत म्हणाली, "उरेब काप कुणाचा ते लक्षात आहे ना?"

"तुझाच की."

"लेथवर कुणी उरेब म्हणत नाही. तुम्ही कागद घेऊन आलात तेव्हा तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तो शिवणाऱ्याचा शब्द आहे."

लिफ्टवाल्यानं कानामागे खाजवलं. "अरे हो. हीच म्हणाली होती. सरळ कापू नका म्हणून. हीच म्हणाली."

चार दिवस वहिनींना हेच हवं होतं. आणि आता मिळालं तेही त्याच बाईच्या हातून, उरलेला कपडा मोलकरणीला द्यावा तसं. वहिनी साबण आणायला आत गेल्या.

मोरीपाशी टर्नरबाईनं हात धुतले. पुसले. मग ॲप्रनच्या खिशात दोन बोटं घातली आणि पुठ्ठ्याची एक बारीक, लाटेसारखी वाकडी पट्टी काढून वहिनींच्या तळहातावर ठेवली.

"ही तुमची राहिली होती माझ्याकडे."

वहिनींचे कान तापले. "सांगितलं का नाहीत त्यांना?"

"माप दुरुस्त झालं. आता काय सांगायचं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना टोमणा. निदान टोमणा तरी मारायचा. "येते वहिनी. ॲप्रनचे टाके जमलं तर एकदा नीट करून द्या." आणि ती गेली.

वहिनी पट्टी मुठीत धरून उभ्या राहिल्या. चुलीत टाकली असती तर संपलं असतं. ती बाई जन्मात बोलली नसती, एवढं वहिनींना आता पक्कं ठाऊक होतं. आणि नेमकं तेच त्यांना सोसवेना. नवरा घरी येऊन उस्तादचं कौतुक करणार, आणि दर वेळी आपण मान खाली घालणार, कारण तिनं आपल्याला झाकलं. आयुष्यभर तिच्या झाकणाखाली राहायचं? खरेपणा वगैरे सगळं नंतरचं. आधी वहिनींना एवढंच वाटलं की इथे तरी हिला एकटीला पुढे जाऊ द्यायचं नाही.

लिफ्टवाला अंगणात चाक बसवायच्या तयारीत होता. वहिनींनी पट्टी त्याच्यासमोर पत्र्यावर ठेवली.

"हे काय?"

"डाव्या फर्म्याचं. मी डावा दोन सूत जास्त कापला होता. मुद्दाम. तिनं कातरून बरोबर केला."

त्याला कळायला वेळ लागला. त्यानं पट्टीकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"मी त्या चाकावर बसणार होतो."

"तेव्हा मला माहीत नव्हतं. नुसतं जुळणार नाही, एवढंच वाटलं होतं. ती चुकली असं तुम्ही म्हणावं, एवढ्यासाठी केलं."

"गुरुवारी सांगितलं होतं मी. जेवताना."

"हो."

"मग?"

"मग गप्प बसले. दोन दिवस." वहिनींचा आवाज फुटला. "तुम्ही तिच्या लोखंडावरून अंगठा फिरवता. मी पंधरा वर्षं तुमचे शर्ट शिवते."

लिफ्टवाला स्टुलावर बसला. हातातला पाना त्यानं खाली ठेवला. वहिनी उभ्याच होत्या. ओरडेल, उठून जाईल, काहीतरी फेकेल, त्या सगळ्याला तयार होत्या.

त्यानं पट्टी उचलली. उजेडाकडे धरली. मग अंगठा टेकवला आणि एका कडेवरून नेला. कुरतडलेल्या कडेवर तो अडखळत अडखळत गेला. पट्टी फिरवून दुसरी कड घेतली. तिथून अंगठा लाटेबरोबर वर चढला, खाली उतरला, कुठेही थांबला नाही.

"ही कड तुझी," तो म्हणाला.

"हो."

"साफ आहे," तो म्हणाला, आणि वर न बघता पुन्हा एकदा त्याच कडेवरून अंगठा फिरवला.